खर्च कुणी केला? : अल्थिया गिब्सनची टेनिस कारकीर्द

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर शाळेच्या मैदानावर मुलं घडवली. त्यामुळे यंदाचं पुष्प गुंफताना एखाद्या खेळाडूविषयीच बोलायचं, हे मी आधीच ठरवलं होतं. नाव निवडायलाही फार विचार करावा लागला नाही. अल्थिया गिब्सन. १९५७ आणि १९५८ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डन आणि फॉरेस्ट हिल्सची अमेरिकन स्पर्धा जिंकणारी खेळाडू. त्याआधी १९५६ मध्ये पॅरिसला फ्रेंच स्पर्धा जिंकून ग्रँड स्लॅम विजेतेपदावर नाव कोरणारी जगातली पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. एकेरीची पाच, दुहेरीची पाच आणि मिश्र दुहेरीचं एक, अशी अकरा मोठी विजेतेपदं तिच्या नावावर आहेत. या अकरा विजेतेपदांचं बक्षीस म्हणून तिच्या हातात एक डॉलरही पडला नाही.

तसा नियमच होता. १९६८ पर्यंत टेनिसच्या सगळ्या मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी असत. खेळण्याचे पैसे घेतले की खेळाडू व्यावसायिक ठरायचा आणि विम्बल्डनचं दार त्याला बंद व्हायचं. प्रवास, मुक्काम आणि जेवण यांचा ठरावीक भत्ता तेवढा चालायचा. नामांकितांना टेबलाखालून पाकिटं मिळत, हे उघड गुपित होतं. आपल्याकडचे जुने टेनिसरसिक त्या काळाविषयी फार हळवेपणाने बोलतात. पांढरेशुभ्र कपडे, लाकडी रॅकेट, हिरवळीचं कोर्ट, पैशाचा विटाळ नसलेला खेळ! त्यांच्या खेळावरच्या प्रेमाविषयी मला आदर आहे, पण त्यांचं हे चित्र मला मान्य नाही. पैसा तेव्हाही लागतच होता. रॅकेट, चेंडू, बूट, रेल्वेचं भाडं, क्लबची वर्गणी, उन्हाळाभर कामधंदा न करता खेळत राहण्याची मुभा, यातलं काहीच फुकट मिळत नव्हतं. ज्यांच्या घरी पैसा होता, त्यांना तो दिसत नव्हता, एवढंच. म्हणून अल्थियाची कारकीर्द मी आज एकाच प्रश्नाचा धागा धरून मांडणार आहे. तिच्या खेळाचा खर्च कुणी केला?

तिचा जन्म २५ ऑगस्ट १९२७ चा, दक्षिण कॅरोलायनातल्या सिल्व्हर नावाच्या छोट्याशा वस्तीतला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवत. पीक बुडालं, मंदी आली आणि १९३० मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आलं. १४३ व्या रस्त्यावर त्यांची खोली होती. तिच्या घराजवळचा रस्ता पोलिसांच्या क्रीडा संघटनेने दिवसा वाहनं अडवून मुलांना खेळायला मोकळा करून दिला होता. तिथे पॅडल टेनिस चालायचं. फळीसारखी लाकडी बॅट आणि नेहमीच्या कोर्टाच्या मानाने अगदी छोटं कोर्ट. शाळा बुडवणारी, घरी मार खाणारी, रात्ररात्र भुयारी रेल्वेत बसून काढणारी ही उंच, हाडकुळी मुलगी त्या रस्त्यावर कुणालाच ऐकेना. वडिलांना मुलगा हवा होता. त्यांनी तिला गच्चीवर मुष्टियुद्ध शिकवलं.

बडी वॉकर हा वादक उन्हाळ्यात मुलांच्या खेळांवर देखरेख करायचा. तिचा हात पाहून त्याने जुन्या वापरलेल्या दोन रॅकेट विकत घेतल्या, पाच-पाच डॉलरना. मला या दोन रॅकेट फार महत्त्वाच्या वाटतात. अल्थियाच्या खर्चाच्या वहीतली ही पहिली नोंद आहे आणि ती एका बेताच्या कमाईच्या माणसाने केलेली आहे. पुढे हार्लेममधल्या कॉस्मोपॉलिटन टेनिस क्लबच्या सभासदांनी आपसांत वर्गणी काढून तिला सभासद करून घेतलं. तिथले सभासद डॉक्टर, शिक्षक, वकील असे सुखवस्तू कृष्णवर्णीय होते. वागण्या-बोलण्याच्या शिस्तीबाबत फार काटेकोर. फ्रेड जॉन्सन हे एका हाताचे प्रशिक्षक तिथे शिकवत. अल्थियाला ती शिस्त जाचायची आणि हे तिने पुढे मोकळेपणाने लिहिलंही आहे. पण त्या लोकांनी तिला सोडलं नाही.

आता त्या काळची व्यवस्था समजून घेऊ. गोऱ्यांची राष्ट्रीय टेनिस संघटना कृष्णवर्णीयांना खेळू देत नसे, म्हणून १९१६ मध्ये कृष्णवर्णीयांनी अमेरिकन टेनिस असोसिएशन ही आपली स्वतंत्र संघटना काढली. स्वतःच्या स्पर्धा, स्वतःची कोर्ट, स्वतःचे पंच. १९४६ मध्ये अल्थिया या संघटनेच्या महिलांच्या अंतिम फेरीत हरली. हा पराभव तिच्या पथ्यावर पडला. प्रेक्षकांत दोन डॉक्टर बसले होते : उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनचे ह्युबर्ट ईटन आणि व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन. हरताना तिने जे फटके मारले, त्यांत त्यांना पुढची विजेती दिसली. दोघांनी मिळून एक योजना तिच्यापुढे ठेवली. शाळेचं वर्ष ईटन यांच्या घरी राहायचं, अर्धवट सोडलेली शाळा पुरी करायची आणि त्यांच्या घरामागच्या कोर्टावर सराव करायचा. उन्हाळ्यात जॉन्सन यांच्याकडे जायचं, ते तिला गाडीत घालून स्पर्धांना नेणार. राहणं, जेवण, कपडे, प्रवास, सगळं डॉक्टरांकडे.

दक्षिणेत जायला ती घाबरत होती. मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सन तिच्या ओळखीचा होता. त्याने तिला जाच म्हणून सांगितलं आणि ती गेली. विल्मिंग्टनच्या बसमध्ये गोऱ्यांनी पुढे आणि काळ्यांनी मागे बसावं अशी पाटी होती. एकोणीस वर्षांच्या, हार्लेममध्ये वाढलेल्या मुलीला ते रोज सोसावं लागलं. पण १९४९ मध्ये ती शाळेतून उत्तीर्ण झाली, शिष्यवृत्तीवर फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठात गेली आणि १९४७ पासून पुढे सलग दहा वर्षं तिने त्या संघटनेचं महिला विजेतेपद सोडलं नाही.

तरीही फॉरेस्ट हिल्सचं आमंत्रण येत नव्हतं. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण अन्याय किती सभ्यपणे करता येतो, याचा हा धडा आहे. तिला मज्जाव करणारा लेखी नियम कुठेच नव्हता. राष्ट्रीय स्पर्धेत खेळायचं तर आधी पूर्वेकडच्या मोठ्या गवती स्पर्धांमध्ये चमक दाखवा, असं सांगितलं जाई. त्या स्पर्धा खासगी क्लबांच्या. तिथे खेळायला आमंत्रण लागे आणि ते तिला कुणी देत नसे. प्रत्येक जण समोरच्याकडे बोट दाखवून मोकळा.

ही कोंडी फोडली अ‍ॅलिस मार्बलने. ती स्वतः चार वेळा अमेरिकन विजेती आणि १९३९ ची विम्बल्डन विजेती. जुलै १९५० च्या ‘अमेरिकन लॉन टेनिस’ मासिकात तिने संपादकीय लिहिलं. समितीतल्या माणसाशी झालेलं बोलणं जसंच्या तसं मांडून तिने हा सगळा खेळ उघडा पाडला. अल्थिया जिंकेल की हरेल, हे आपल्याला ठाऊक नाही, पण तो निकाल कोर्टावर लागला पाहिजे, समितीच्या खोलीत नव्हे, असं तिचं म्हणणं होतं. दांभिकपणा हा शब्द वापरायलाही ती कचरली नाही. ज्या मंडळींत तिची ऊठबस होती, त्यांनाच तिने हे सुनावलं. अशा लेखाची किंमत लिहिणाऱ्याला मोजावी लागते. त्यानंतर न्यू जर्सीच्या ऑरेंज लॉन टेनिस क्लबने अल्थियाला खेळू दिलं आणि ऑगस्टमध्ये फॉरेस्ट हिल्सचं दार उघडलं.

पहिली फेरी तिने ६-२, ६-२ अशी सहज जिंकली. दुसऱ्या फेरीत समोर होती लुईस ब्रॉ, त्या वर्षीची विम्बल्डन विजेती. पहिला सेट ब्रॉने ६-१ असा घेतला. अल्थियाचे हात मोकळे होत नव्हते. मग ते झाले. दुसरा सेट ६-३ तिचा. तिसऱ्यात ती ७-६ अशी पुढे गेली. त्या काळी टायब्रेकर नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं. म्हणजे विम्बल्डन विजेतीला हरवायला फक्त एक गेम उरला होता. आणि आभाळ फुटलं. स्टेडियमच्या माथ्यावरच्या दगडी गरुडांपैकी एकावर वीज पडली आणि तो खाली कोसळला. सामना दुसऱ्या दिवसावर गेला. ती रात्र तिला विचार करायला मिळाली, ब्रॉला विश्रांती. दुसऱ्या दिवशी अवघ्या काही मिनिटांत ब्रॉने तीन गेम घेतले आणि सेट ९-७ असा जिंकला. पराभव तो पराभवच. पण तिची जागा कुठे आहे, हे त्या दिवसानंतर कुणाला विचारावं लागलं नाही.

१९५१ मध्ये ती पहिल्यांदा विम्बल्डनला गेली. लंडनचं विमानाचं तिकीट दिलं जो लुई या मुष्टियोद्ध्याने आणि वरखर्चासाठी डेट्रॉइटमधल्या लोकांनी मदतीचा कार्यक्रम करून पैसे उभे केले. संघटना होती, क्लब होते, पण वहीतल्या नोंदी अजूनही तिच्याच समाजाच्या नावावर पडत होत्या.

पुढची चार वर्षं रखडली. पदवी मिळाल्यावर ती मिसुरीतल्या लिंकन विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवू लागली. टेनिस सोडून सैन्याच्या महिला दलात भरती व्हावं, असं तिने जवळपास ठरवलंच होतं. हार्लेममध्ये टॅक्सी चालवून टेनिस शिकवणाऱ्या सिडनी लेवेलिनने याच काळात तिची रॅकेट धरण्याची पद्धत बदलली, फटके मारण्यामागचा विचार पक्का केला. पाच फूट अकरा इंच उंची, जोरकस सर्व्हिस आणि त्यापाठोपाठ नेटकडे झेप, हा तिचा खेळ होताच. तो कधी, कुठे आणि कशासाठी वापरायचा, ते आता तिला उमगू लागलं.

आणि मग खर्च करायला एक नवा माणूस पुढे आला : अमेरिकन सरकार. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची गोऱ्यांनी निर्घृण हत्या केली आणि जगभर अमेरिकेची नाचक्की झाली. नव्याने स्वतंत्र झालेल्या आशियाई देशांना आपला चांगला चेहरा दाखवणं परराष्ट्र खात्याला निकडीचं वाटलं. सदिच्छा दौऱ्यासाठी निवडलेल्या चार टेनिसपटूंत अल्थियाचं नाव आलं. त्यामागचा हेतू तिला कळत नव्हता असं नाही. पण तिच्यासाठी त्या दौऱ्याचा अर्थ वेगळा होता. महिनोन्‌महिने फक्त खेळायचं, भाड्याची चिंता न करता. ब्रह्मदेश, भारत, पाकिस्तान, सिलोन असा तो दौरा होता. तो संपल्यावरही ती परतली नाही. आशिया आणि युरोपात खेळलेल्या अठरापैकी सोळा स्पर्धा तिने जिंकल्या. पोट भरलेलं असताना आणि डोक्यावर छप्पर असताना ही बाई कशी खेळते, हे जगाने प्रथमच पाहिलं.

भारताला या गोष्टीत एक जागा आहे आणि ती मला जिव्हाळ्याची वाटते. अल्थियाची अँजेला बक्स्टनशी ओळख झाली ती इथे, भारतात. अँजेला ज्यू इंग्लिश मुलगी. ज्यू म्हणून लंडनमधल्या क्लबने सभासदत्व नाकारलं, तो अपमान तिच्याही वाट्याला आला होता. दोघी एकट्या पडलेल्या. १९५६ च्या उन्हाळ्यात त्या जोडीने खेळू लागल्या आणि फ्रेंच व विम्बल्डन दोन्हीकडची दुहेरी विजेतेपदं त्यांनी जिंकली. पॅरिसमध्येच एकेरीच्या अंतिम सामन्यात अल्थियाने अँजेला मॉर्टिमरला ६-०, १२-१० असं हरवलं.

६ जुलै १९५७. विम्बल्डनची अंतिम फेरी, कडक ऊन, राजपेटीत राणी एलिझाबेथ. राणी म्हणून त्या प्रथमच विम्बल्डनला आल्या होत्या. अल्थियाने डार्लीन हार्डला ६-३, ६-२ असं तासाभराच्या आत हरवलं आणि राणीच्या हातून तबक घेतलं. संध्याकाळच्या मेजवानीत पुरुष विजेत्या ल्यू होडबरोबर तिने नृत्य केलं. ११ जुलैला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरून तिची मिरवणूक निघाली, दुतर्फा इमारतींमधून कागदी फितींचा वर्षाव झाला. यानंतर थोड्याच दिवसांत ती शिकागोजवळ स्पर्धा खेळायला गेली, तर तिथल्या हॉटेलने तिला खोली नाकारली. सप्टेंबरमध्ये फॉरेस्ट हिल्सला तिने त्याच लुईस ब्रॉला ६-३, ६-२ असं हरवलं आणि चषक दिला उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी. पुढच्या वर्षी दोन्ही विजेतेपदं तिने राखली.

दार उघडलं, असं आपण म्हणतो. १९५९ मध्ये राल्फ बंच यांच्या मुलाला फॉरेस्ट हिल्सच्या वेस्ट साइड टेनिस क्लबने सभासद करून घ्यायचं नाकारलं. बंच हे संयुक्त राष्ट्रसंघातले ज्येष्ठ अधिकारी, शांततेचं नोबेल मिळवलेले. क्लबच्या अध्यक्षांनी त्यांना सरळ सांगितलं की, इथे कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना घेत नाहीत. ज्या गवतावर अल्थियाने दोनदा चषक उचलला, त्याच गवताचे हे मालक. खूप ओरड झाल्यावर त्यांना माघार घ्यावी लागली.

अल्थियावर कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनीही टीका केली. ती समाजाची बाजू जाहीरपणे मांडत नाही, ती फटकून वागते, अशी. मला वर्णाची प्रतिनिधी म्हणून पाहू नका, टेनिसपटू म्हणून पाहा, असं ती सांगायची. मी तिच्या बाजूने आहे. ज्या व्यक्तीच्या हरण्या-जिंकण्याला अख्ख्या समाजाची अब्रू बांधली जाते, तिने एवढं मागणं हा तिचा हक्कच होता.

१९५८ मध्ये फॉरेस्ट हिल्स जिंकल्यावर, एकतिसाव्या वर्षी, जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू असताना तिने हौशी टेनिस सोडलं. कारण साधं होतं : जवळ पैसे नव्हते. पुरुषांसाठी जॅक क्रेमरचा व्यावसायिक ताफा होता. आपल्या रामनाथन कृष्णन यांनाही तिथला देकार आला होता आणि देशासाठी खेळण्याच्या ओढीने त्यांनी तो नाकारला, म्हणून आपण त्यांना मान देतो, तो योग्यच आहे. पण नाकारायला त्यांच्यासमोर देकार तरी होता. स्त्रियांसाठी असा कुठलाच व्यावसायिक दौरा नव्हता. तिने गाण्याची ध्वनिमुद्रिका काढली. जॉन फोर्डच्या ‘द हॉर्स सोल्जर्स’ या चित्रपटात गुलाम स्त्रीची भूमिका केली. तिथेही ठरीव, मोडक्या बोलीतले संवाद म्हणायला तिने ठाम नकार दिला आणि फोर्डला ते बदलावे लागले. हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या बास्केटबॉल सामन्यांआधी कॅरोल फॅगेरोसबरोबर ती प्रदर्शनी टेनिस खेळली. त्यात बऱ्यापैकी पैसे मिळाले, ते पाहून तिने स्वतःचा दौरा काढला, आणि त्यात कमावलेलं सगळं गेलं. मग ती गोल्फकडे वळली आणि १९६४ मध्ये महिलांच्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्यातली पहिली कृष्णवर्णीय खेळाडू झाली. कितीतरी क्लबांनी तिला आपल्या इमारतीत पाऊल ठेवू दिलं नाही. कपडे ती गाडीत बसून बदलायची.

१९६८ मध्ये टेनिस सर्वांना खुलं झालं. त्या वर्षी विम्बल्डनच्या पुरुष विजेत्याला, रॉड लेव्हरला, २,००० पौंड मिळाले आणि बिली जीन किंगला ७५०. अल्थिया चाळिशी ओलांडलेली होती. तिने पुन्हा खेळून पाहिलं, पण पाय साथ देईनात. त्याच वर्षी फॉरेस्ट हिल्सला आर्थर अ‍ॅश जिंकला. तो त्याच डॉ. जॉन्सन यांचा विद्यार्थी, त्याच लिंचबर्गच्या कोर्टावर घडलेला. रेषेच्या दोन बोटं बाहेर पडलेला प्रतिस्पर्ध्याचा चेंडूही आत धरून परतवायचा, हा तिथला दंडक होता, म्हणजे काळ्या मुलाने फसवलं असं म्हणायला कुणाला जागाच राहू नये. स्पर्धा खुली होती, पण अ‍ॅश अजून नोंदणीने हौशी. त्यामुळे १४,००० डॉलरचं पहिलं बक्षीस गेलं हरलेल्या टॉम ओकरला. अ‍ॅशला मिळाला दैनिक भत्ता.

अल्थियाच्या शेवटच्या वर्षांविषयी सांगायला जड जातं, पण ते टाळलं तर मी सुरुवातीला विचारलेला प्रश्न अर्धाच राहील. न्यू जर्सीत तिने क्रीडा आयुक्त म्हणून आणि इतरही सार्वजनिक पदांवर काम केलं. पुढे मेंदूतल्या रक्तस्रावांनी तिला घरात बसवलं. पुंजी औषधांत गेली. १९९५ मध्ये तिने अँजेला बक्स्टनला फोन केला. भाडं आणि औषधं भागत नाहीत, आता जगायचं नाही, हे सांगायला आणि निरोप घ्यायला. अँजेलाने तिला बोलत ठेवलं, आधी स्वतःकडचे पैसे पाठवले आणि मग ‘टेनिस वीक’ मासिकात पत्राद्वारे तिची अवस्था जगाला कळवली. देशोदेशींहून पैसे येऊ लागले. आकडा दहा लाख डॉलरच्या आसपास गेला. पाठवणाऱ्यांत खेळाडू होते, तसे तिला फक्त वर्तमानपत्रात पाहिलेले साधे लोकही होते. बडी वॉकरच्या दहा डॉलरपासून सुरू झालेली ती वही शेवटपर्यंत अशाच लोकांच्या नोंदींनी भरत राहिली. त्या पैशांवर अल्थिया आणखी आठ वर्षं जगली. २८ सप्टेंबर २००३ ला ईस्ट ऑरेंजमध्ये ती गेली.